तेर ते भरूच : एकट्याने, दुचाकीवर

दिवाळी उलटली की आपल्याकडचे रस्ते कोरडे होतात, ऊन सोसण्याइतकं खाली येतं आणि या सदराकडे दुचाकीचे प्रश्न वाढतात. या वेळी बरीच पत्रं एकाच ठिकाणाबद्दल आहेत : नर्मदेकाठचं जुनं बंदर, भरूच. सोलापूरकरांनी हे ठिकाण निवडावं याचा विशेष आनंद आहे. त्या बंदरात चढणाऱ्या मालाचा एक उगम आपल्या शेजारी, तेरला होता. म्हणून काही उत्तरं सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : भरूच बंदर होतं असं वाचलं, पण नकाशात समुद्र तर बराच लांब दिसतो. तिथे बंदर म्हणून पाहण्यासारखं काही उरलं आहे का, की नुसतं नाव? — एक वाचक, बाळीवेस

समुद्र लांब आहे हे बरोबर. नर्मदेच्या मुखापासून भरूच सुमारे पन्नास किलोमीटर आत आहे. बंदर चालायचं ते भरतीच्या जोरावर. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आत निमुळतं होत जातं. त्यामुळे आत शिरणारं पाणी दाबलं जाऊन उंच चढतं. भावनगरच्या बाजूला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक १० मीटरांहून जास्त असतो. तेच पाणी नर्मदेत शिरून उलट्या दिशेने भरूचपर्यंत येतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या व्यापारी-दर्यावर्दी टिपणात भरूचचं नाव 'बारिगाझा' आहे. मुखाशी वाळूचे दांडे आणि उथळ पाणी, त्यामुळे परकी जहाजं आपली आपण आत येऊ शकत नसत. राजाच्या नोकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन समुद्रात पुढे जात आणि जहाजं ओढत आणत. भरती लागली की पुढे सरकायचं, ओहोटी लागली की ठरलेल्या खोल डोहात नांगर टाकून थांबायचं. अमावास्येच्या भरतीचा आवाज लांबून सैन्याच्या आरोळीसारखा येतो, असंही त्यात आहे.

आपल्या कामाचा भाग पुढे येतो. बारिगाझाच्या दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. पैठणहून अकीक आणि तेरहून साधं कापड व मलमल गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भरूचला जात असे. आजच्या रस्त्याने भरूच ते पैठण सुमारे ४८० किलोमीटर भरतं. वीस दिवसांनी भागलं तर रोजचे २४. बैलगाडीला हा हिशेब अगदी पटणारा आहे.

आज काय उरलं? मोठी जहाजं येत नाहीत. गाळ साचत गेला, जहाजं मोठी होत गेली, व्यापार सुरतेकडे आणि मग मुंबईकडे सरकला, १८६० पासून रेल्वे आली. पण बंदराची जागा वाचता येते. नदीलगत उंच टेकाडावर जुनं गाव, त्याच्या काठाने किल्ल्याच्या भिंतीचे अवशेष, खाली घाट आणि 'फुर्जा' नावाचा भाग. गुजरातीत फुरजो म्हणजे माल उतरवायचा धक्का. नाव तेच राहिलं आहे. बंदराची इमारत शोधत फिरलात तर निराश व्हाल. टेकाड, उतार, धक्का आणि भरती या चार गोष्टी एकत्र पाहिल्या की बंदर समजतं.

प्रश्न : सोलापूरहून कोणता रस्ता घ्यावा? मला पाच दिवसांची रजा आहे. — एक वाचक, जुळे सोलापूर

पाच दिवसांत जाऊन येता येईल, पण भरूच पाहून होणार नाही. आठ दिवस मिळत नसतील तर या वर्षी तेर-पैठण करा आणि भरूच पुढच्या वर्षी ठेवा. एका बाजूचं अंतर तेर-पैठणच्या वळणांसह सुमारे ७८० किलोमीटर आहे. एकट्या माणसाने १५०-२०० सीसीच्या गाडीवर दिवसाला ३०० च्या पुढे जाऊ नये. तिसऱ्या दिवशी मनगट, कंबर आणि लक्ष तिन्ही एकदम ढिली पडतात.

पहिला दिवस : सोलापूर, तुळजापूर, धाराशिव, तिथून तेर. तेरहून येडशीला राष्ट्रीय महामार्ग ५२ पकडायचा आणि बीड, गेवराई, शहागडचा गोदावरी पूल, पाचोड असं जाऊन डावीकडे पैठण. सुमारे ३०० किलोमीटर. तेरला दोन तास ठेवाच. लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातल्या भाजक्या मातीच्या मूर्ती, मणी आणि व्यापाराच्या खुणा आहेत. त्रिविक्रम मंदिराची मागची बाजू अर्धगोल आहे, जुन्या चैत्यगृहांसारखी. ती विटांची बांधणी बाहेरून फिरून पाहा. संत गोरोबाकाकांची समाधीही इथेच. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवारी निघू नका.

दुसरा दिवस : पैठण, छत्रपती संभाजीनगर, कन्नड, चाळीसगाव, धुळे. साधारण २०५ किलोमीटर. अंतर मुद्दाम कमी ठेवलं आहे, कारण सकाळ पैठणला जायला हवी आणि कन्नडचा घाट उजेडात उतरायला हवा.

तिसरा दिवस : धुळे, साक्री, कोंडाईबारी घाट, नवापूर, व्यारा, बारडोली, कामरेज, अंकलेश्वर, भरूच. सुमारे २७५ किलोमीटर. कामरेजनंतरचा राष्ट्रीय महामार्ग ४८ हा या प्रवासातला सगळ्यात दमवणारा तुकडा. ट्रकची रांग तुटत नाही. तिथे दुपारी चारच्या आत पोहोचलात तर उजेडात पार होतो. ट्रक ओलांडताना त्याच्या मागे चिकटून वाट पाहू नका. चालकाला आरशात तुम्ही दिसायला हवेत, एवढं अंतर ठेवा.

मग भरूचला दोन दिवस आणि परतीला तीन.

सोलापूरकरांसाठी दोन सूचना खास. कोजागिरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर पायी जाणाऱ्या भाविकांची अखंड रांग असते आणि वाहतूक वळवली जाते. ते दोन-तीन दिवस टाळा. दुसरी सूचना ऊस-हंगामाची. नोव्हेंबर ते मार्च ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाचटाखाली झाकलेला. अंधारात ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेकला जागा उरलेली नसते. पहाटे साडेसहाच्या आधी निघायचं नाही, संध्याकाळी सहानंतर चालवायचं नाही, हा नियम मोडू नका.

प्रश्न : गाडी १५० सीसी, सहा वर्षं जुनी, ४८,००० किलोमीटर झालेली. एवढ्या प्रवासाला चालेल का? काय काय बदलावं? — एक वाचक, बार्शी

चालेल. या रस्त्याला मोठी गाडी लागत नाही. ताशी ६५ ते ७० चा वेग धरून चालली की पुरे. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून १७५० किलोमीटर होतील. लिटरला ४५ मिळत असतील तर साधारण ३९ लिटर पेट्रोल. या मार्गावर पंपांची अडचण नाही, तरी टाकी अर्धी झाली की भरायची. रिझर्व्हवर जाण्याची वेळ येऊ देऊ नका.

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका. आठ दिवस आधी करा आणि मग जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटरची एक चक्कर मारून या. मेस्त्रीकडून ढिला राहिलेला बोल्ट किंवा नीट न बसलेलं सील पहिल्या शंभर किलोमीटरमध्येच कळतं. ते घराजवळ कळलेलं बरं.

आता तपासणी. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या (दातेरी चक्राच्या) अगदी मागच्या टोकाला धरून बाहेर ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन संपली. तेव्हा नुसती चेन बदलू नका, दोन्ही स्प्रॉकेटसह पूर्ण किट टाका. झिजलेले दात नवी चेन काही हजार किलोमीटरमध्येच खाऊन टाकतात. चेनचा झोल मधोमध वर-खाली २० ते ३० मिलिमीटर, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहा. तो मोजताना चाक फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. जिथे ती सगळ्यात घट्ट आहे तिथला झोल धरून सेट करायची. ढिल्या जागेवर सेट केली तर घट्ट जागा गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण आणते. बहुतेक चेन इथेच बिघडवल्या जातात. प्रवासात दर ५०० किलोमीटरला, संध्याकाळी चेन गरम असताना, फडक्याने पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने लावा आणि जादा पुसून टाका. सकाळी लावलेलं तेल नीट मुरत नाही, चाकावर उडतं.

पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर कोन-सेट (हँडलचं बेअरिंग) गेला आहे. शहरात ते जाणवत नाही, पण महामार्गावर ट्रकच्या वाऱ्यात गाडी डुलू लागते. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. खटखट झाली तर बेअरिंग बदला. डिस्कचे पॅड २ मिलिमीटरच्या खाली असतील तर निघण्याआधी बदला, मागच्या लायनरची खूणही पाहून घ्या. इंजिन ऑइल बदलून हजाराहून जास्त किलोमीटर झाले असतील तर नवं भरा.

टायरमधली हवा गार असताना मोजा. दुपारी तापलेल्या टायरचा आकडा चढा दिसतो, तो पाहून हवा काढली तर रात्री टायर कमी हवेवर राहतो. सामानासह मागे पुस्तकात दिलेल्या 'दोन माणसां'च्या आकड्याइतकी हवा ठेवा.

सोबत क्लच केबल आणि ॲक्सिलरेटर केबल हवी. क्लच केबल तर चालू केबलच्या बाजूनेच ओवून टेपने बांधून ठेवा. तुटली तर दोन टोकं बदलली की काम झालं, टाकी काढायला नको. एक स्पार्क प्लग आणि त्याचा पाना, १० ते १५ चे पाने, मागच्या ॲक्सलचा पाना (तो कंपनीच्या किटमध्ये बहुधा कच्चा असतो), पक्कड, दोन-दोन फ्यूज, इन्सुलेशन टेप, तांब्याची तार. सामान १२ किलोच्या आत, जड वस्तू खाली आणि पुढच्या बाजूला. मागच्या कॅरिअरवर उंच गठ्ठा बांधला की वळणावर पुढचं चाक हलकं होतं. रबरी हुकांऐवजी बकलचे पट्टे वापरा. सुटलेला हुक चेनमध्ये जाऊन चाक अडकल्याचे प्रकार होतात.

प्रश्न : घाटावर भरती पाहायची आहे. किती वाजता जावं? कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून वेळ काढतात, तोच हिशेब चालेल का? — एक वाचक, पंढरपूर

चांगला प्रश्न आहे. तिथीची पाऊणपट हा हिशेब मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा. खंभातच्या आखातात भरती कोकणपेक्षा काही तास उशिरा येते आणि नदीत आत भरूचला त्याहून उशिरा, म्हणून तो आकडा तिथे लागू पडणार नाही. मोबाइलवर दहेजचं भरतीचं वेळापत्रक काढा. दहेज मुखाजवळ आहे, त्यामुळे तिथल्या पूर्ण भरतीच्या वेळी भरूचला पाणी अजून चढत असतं. तेव्हाच घाटावर जाऊन बसलात तर सगळं डोळ्यांसमोर घडतं. दुसऱ्या दिवशी तीच वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते.

दिवस मात्र तिथी पाहूनच निवडा. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन दिवस उधाणाचे, तेव्हा फरक ठळक दिसतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. ती पाहून 'यात काय एवढं' असंच वाटेल. प्रवासाची तारीख रजेवरून ठरवण्याआधी पंचांग उघडा.

पाहायचं काय तर प्रवाहाची दिशा. दशाश्वमेध घाटावर बसून पाण्यावरच्या एखाद्या काडीकडे, जलपर्णीच्या झुपक्याकडे लक्ष ठेवा. नदी थबकते, मग काडी उलटी, वरच्या अंगाला जाऊ लागते. हीच ती ताकद, जिच्यावर जहाजं आत येत होती. चढायला पाणी कमी वेळ घेतं, उतरायला जास्त.

आता सावधगिरी, आणि ही नुसती औपचारिक नाही. ओहोटीला उघडा पडणारा काठ वाळूचा दिसतो, पण तो बारीक, निसरडा गाळ असतो. वरून वाळलेली पापडी, खाली लोणी. छायाचित्रासाठी गाडी खाली उतरवू नका. स्टँड रुततो, गाडी आडवी होते आणि १४० किलोचं धूड चिखलातून एकट्याने निघत नाही. पायीसुद्धा पायऱ्या सोडून पुढे जाऊ नका. पाणी परतताना आधी बाजूच्या खोलगट ओघळीतून येतं, म्हणजे तुमच्या पाठीमागून. शिवाय वर सरदार सरोवर धरण आहे, पावसाळ्यात तिथून पाणी सोडलं की पातळी झपाट्याने वाढते. भरूचच्या जुन्या गोल्डन ब्रिज या पुलाजवळ २४ फूट ही धोक्याची पातळी मानतात. सप्टेंबरपर्यंत भरूच नकोच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

प्रश्न : भरूचला पहिल्या दिवशी गाडी कुठे लावावी आणि कसं फिरावं? — एक वाचक, मंगळवेढा

अंकलेश्वरहून महामार्ग सोडून शहराकडे या आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या नर्मदा मैया पुलावरून नदी ओलांडा. त्याला समांतर जुना गोल्डन ब्रिज दिसतो. तो १६ मे १८८१ रोजी खुला झाला, लांबी १४१२ मीटर. आधी रेल्वेसाठी होता, १९३५ मध्ये रेल्वेला वेगळा पूल झाल्यावर रस्त्यासाठी वापरात आला. चालत्या पुलावर गाडी थांबवून फोटो काढू नका. पलीकडे उतरल्यावर काठावरून निवांत दिसतो.

मुक्काम झाडेश्वरच्या बाजूला घ्या, वाहनतळ असलेली हॉटेलं तिकडे आहेत. जुन्या गावात गाडी नेऊ नका. चढाच्या, अरुंद, दगडी गल्ल्या आणि समोरून रिक्षा, अशात अर्ध्या क्लचवर गाडी तापते आणि पाहणं होत नाही. गाडी मुक्कामीच ठेवून रिक्षाने पाचबत्तीला या आणि पायी चढा. जामा मशीद चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची, जुन्या मंदिरांचे कोरीव खांब वापरून उभारलेली. खांबांवरचं काम जवळून पाहा. नमाजाची वेळ टाळा. तिथून नदीच्या बाजूने किल्ल्याच्या भिंतीपर्यंत आणि फुर्ज्याकडे उतरा. चार तास लागतात. डच लोकांची वखार इथे होती, त्यांची उंच थडगी गावाबाहेर आहेत. इंग्रजांनी १६१६ मध्ये वखार घातली.

प्रश्न : आमचं घर विणकराचं, साखर पेठेतलं. भरूचला कापडाचं काही पाहण्यासारखं आहे का? — एक वाचक, सोलापूर

सुजनी पाहा. इतर सगळं राहिलं तरी चालेल, तुमच्यासारख्यांनी हे चुकवू नये.

सुजनी म्हणजे मागावरच कापूस भरून विणलेली रजाई. आपल्याकडे गोधडी किंवा दुलई आधी कापड, मग कापूस, मग टाके अशी होते. सुजनीत टाका नाही. कापड दुपदरी विणतात, ताण्याचे दोन संच. चौकोनाच्या कडेला वरचा पदर खाली आणि खालचा वर जातो, त्यामुळे दोन्ही पदर तिथे एकमेकांना धरतात आणि मध्ये खिसा तयार होतो. खिशांची एक ओळ विणून झाली की प्रत्येक खिशात हाताने कापूस सारतात, मग पदर अदलाबदल करून ओळ बंद करतात आणि पुढची ओळ सुरू. एका मागावर दोघं बसतात. सोलापुरी चादरीवरचं नक्षीकाम दोन्ही बाजूंनी उलट्या रंगात दिसतं, त्यामागचं पदरांचं गणित तुम्हाला घरातच ठाऊक आहे. म्हणूनच सुजनीचा माग पाहताना तुम्हाला जे दिसेल ते इतर पर्यटकांना दिसणार नाही. कापूस सगळ्या चौकोनांत सारखा कसा भरतात, कडेचा धागा का तुटतो, फणी कोणती, हे विचारा. विणकर विणकराला सांगतो.

सोलापुरी चादरीप्रमाणे सुजनीलाही भौगोलिक मानांकन आहे. विणणारी घरं मोजकीच उरली आहेत, म्हणून विकत घेणार असाल तर विणकराकडूनच घ्या. खरी ओळखायची खूण : चौकोनाच्या कडेवर सुईचं भोक किंवा शिलाईचा दोरा दिसता कामा नये. गाडीवर आणायचा मोह मात्र टाळा. रजाई फुगते, पावसा-धुळीत कापूस गोळे धरतो. प्लॅस्टिकमध्ये बांधून तिथूनच पार्सल करा.

प्रश्न : मी २६ वर्षांची, विजापूर रोडला राहते, ३५० सीसी चालवते. घरचे 'एकटी नको' म्हणतात. या रस्त्यावर काय काळजी घ्यावी? — एक वाचक

रस्ता तोच, वेळापत्रक तेच. तुम्ही गाडी चालवता, तेव्हा ती कशी चालवायची हे सांगत नाही. भर मुक्कामांवर द्या. तिन्ही मुक्काम आधी नोंदवा आणि फोन करून तीन गोष्टी विचारा : गाडी आत, दिव्याखाली लावता येईल का, रात्री दाराशी कुणी असतं का, खोली रस्त्याकडच्या तळमजल्यावर तर नाही ना. पैठणला यात्रेकरूंची ये-जा असल्याने राहण्याची सोय मिळते, नाथषष्ठीच्या दिवसांत मात्र गर्दी असते. रोज पाचच्या आत मुक्काम.

घरच्यांना 'पोहोचल्यावर फोन करते' असं सांगू नका. उशीर झाला की ते घाबरतात. त्याऐवजी ठरावीक थांबे लिहून द्या : येडशी, बीड, पाचोड, दुसऱ्या दिवशी कन्नड, चाळीसगाव, तिसऱ्या दिवशी नवापूर, बारडोली. प्रत्येक थांब्यावर एक संदेश. ठरल्या वेळेनंतर दोन तास संदेश नाही, तरच फोन. घाटात रेंज जाते, हेही आधी सांगून ठेवा. ११२ सगळीकडे चालतो, १८१ ही महिलांची हेल्पलाइन दोन्ही राज्यांत आहे, राष्ट्रीय महामार्गावर बंद पडलात तर १०३३.

३५० सीसीच्या गाडीला तारांची चाकं आणि ट्यूब असेल तर मागची ट्यूब सोबत घ्या. ट्यूबलेस असेल तर पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : ट्यूबलेस टायरचं पंक्चर स्वतः काढायचं साहित्य घेतलं आहे, पण कधी वापरलेलं नाही. — एक वाचक, मोहोळ

घरी जुन्या टायरवर दोनदा करून बघा. खिळा दिसला की लगेच उपटू नका. हवा टिकून असेल तर सावलीच्या, सपाट जागेपर्यंत सावकाश जा. आधी दोरी (साहित्यातली चिकट रबरी पट्टी) सुईत ओवून, सोल्यूशन लावून तयार ठेवा, मग खिळा ज्या कलाने घुसला त्याच कलाने बाहेर ओढा. कानस त्याच कोनात आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. इथे अंगचोरी केली तर दोरी आत जात नाही आणि सुई वाकते. दोरी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बाहेर राहीपर्यंत दाबा, मग सुई झटक्यात सरळ ओढा. न फिरवता. उरलेलं टोक कापा, हवा भरा, थुंकी लावून बुडबुडा पाहा. बॅटरीवर चालणारा छोटा पंप असेल तर इंजिन चालू ठेवून वापरा, नाहीतर पंक्चर निघेल आणि बॅटरी बसेल. टायरच्या बाजूच्या भिंतीला भोक असेल तर दोरी मारून महामार्गावर चालवू नका, टायर बदला.

मराठवाड्यात अवकाळी पाऊस पडून गेला असेल तर डांबर सोडून खाली उतरू नका. काळी माती टायर आणि मडगार्डमध्ये थापली जाते, दहा-वीस फुटांत चाक जाम होतं. क्लच सोडून रेस दिली तर क्लच प्लेट जळतात. इंजिन बंद करा, काडीने माती उकरा आणि गाडी ढकलून डांबरावर आणा.

प्रश्न : कागदपत्रं आणि गुजरातचे नियम? — एक वाचक, अक्कलकोट

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकरमधले चालतात, पण फोन बंद पडतो म्हणून छापील प्रतही ठेवा. गुजरातेत दारूबंदी आहे, सामानात बाटली नको. नवापूरजवळ सीमेवर तपासणी होऊ शकते. नकाशात 'दुचाकी' हा पर्याय निवडूनच रस्ता काढा. 'कार' ठेवला तर संभाजीनगरजवळ तो समृद्धी महामार्गावर आणि भरूचच्या आसपास दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गावर चढवू पाहतो. दोन्हींवर दुचाकीला बंदी आहे.

प्रश्न : भरूच मराठ्यांकडे होतं का? — एक वाचक, करमाळा

होय. इंग्रजांनी ते १७७२ मध्ये घेतलं होतं. सालबाईच्या तहानंतर ते महादजी शिंद्यांकडे आलं आणि २९ ऑगस्ट १८०३ रोजी इंग्रजांनी पुन्हा जिंकलं. वीस वर्षं शिंद्यांचा अंमल होता.

प्रश्न : दुसऱ्या दिवशी आसपास कुठे जावं? सोबत खायला काय ठेवावं? — एक वाचक, वैराग

गाडीचा खरा उपयोग दुसऱ्या दिवशी. सकाळी शुक्लतीर्थाच्या बाजूला जा, तिथे नदीतल्या बेटावर कबीरवड हा पसरलेला प्रचंड वड आहे. गाडी काठावर राहते, बेटावर होडीने जायचं. होडीत लाइफ जॅकेट मागून घ्या, ते घाला आणि शेवटच्या परतीच्या होडीची वेळ आधी विचारा. उरलेल्या दिवसात झगडियाच्या पुढे राजपारडीजवळ रतनपूर. तिथे अकिकाच्या खाणी आणि बावा गोर यांचा दर्गा आहे. अकिकाचे मणी खंभातला घडवले जातात. पैठण आणि भरूच या दोन नावांमधला धागा हाच दगड आहे, त्यामुळे तेरच्या संग्रहालयात मणी पाहून इथे आलात तर मजा दुप्पट. खाणीच्या कच्च्या रस्त्यावर खडी सुटी असते. हवा कमी करू नका, पुढचा ब्रेक हलका ठेवा.

खाण्याचं म्हणाल तर आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांना तोड नाही. आठवडाभर टिकतात आणि पोट बिघडत नाही. भाकरी पिशवीत ठेवली तर हादऱ्याने चुरा होतो, पत्र्याच्या गोल डब्यात कापड दाबून ठेवा. चटणी तेल न घालता कोरडी न्या. भरूचहून परतताना तिथली खारी सिंग आणा. शेंगदाण्याच्या जिल्ह्यातला माणूस त्या भाजण्याला नक्की दाद देईल. दाणा आत खुसखुशीत, मीठ आतपर्यंत गेलेलं, आणि तेलाचा थेंब नाही.

प्रश्न : परतीला गाडी रेल्वेने पाठवता येईल का? — एक वाचक, कुर्डुवाडी

येईल. आरसीची प्रत आणि ओळखपत्र घेऊन पार्सल कार्यालयात किमान एक दिवस आधी जा. पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, गाडी गोणपाटात बांधून मिळते. आरसे आणि बाजूच्या पिशव्या स्वतः काढून घ्या, हँडलवर पत्ता लिहिलेला पुठ्ठा बांधा आणि टाकीवर एक जुनी चादर गुंडाळा. गाडी लहान थांब्याच्या स्थानकावरून चढवायला वेळ पुरत नाही, म्हणून सुरत किंवा वडोदऱ्याला नोंदवा. उतरवून घेताना पावतीवर सही करण्याआधी ब्रेकचे लिव्हर, इंडिकेटर आणि टाकीवरचे पोचे तपासा, आणि पेट्रोलसाठी लिटरभराची बाटली कुणाकडून तरी स्थानकाबाहेर मागवून ठेवा.